धुऱ्यावरून

बाळांनो, एक लाकडी कठडा डोळ्यांसमोर आणा. मोठ्या माणसाच्या छातीला लागेल एवढा उंच. आता त्याच्या मागे अकरा वर्षांची एक मुलगी उभी करा. कठड्यावरून तिचे नुसते डोळे आणि घट्ट विंचरलेला भांग दिसतो आहे. शिपायाने स्टूल आणून ठेवलं, ती त्यावर चढली, आणि भंडाऱ्याच्या न्यायालयातली ती खोली तिला एकदम सगळी दिसली.

मुलीचं नाव प्रतिक्षा. दोन वर्षांपूर्वी, भाताची लावणी चालू होती तेव्हा ती ताईसाठी जेवणाचा डबा घेऊन शेतावर गेली होती. तिची ताई, दीपमाला, त्या दिवशी टेकचंदच्या शेतात कामाला होती. टेकचंदने तिला बळजबरीने पंपाच्या मोटारघरात ओढून नेलं आणि आतून कडी लावली, हे एकट्या प्रतिक्षाने पाहिलं. तिच्या ओरडण्याने बाया धावून आल्या, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

कालचा अख्खा दिवस दीपमाला याच कठड्यात उभी होती. नको नको ते प्रश्न तिने ऐकले, आणि एकदाही मान खाली घातली नाही. आज ती सरकारी वकिलांच्या मागच्या बाकावर बसली होती. खटला बंद दाराआड चालला होता, त्यामुळे बाकीचे बाक रिकामे होते. प्रतिक्षाचं बोलणं टिकलं नाही तर ताईचा शब्द एकटा पडेल, हे कुणी न सांगताही प्रतिक्षाला कळत होतं.

न्यायाधीश मॅडम साताऱ्याकडच्या. बदलून येऊन त्यांना तीन महिने झाले होते.

"खोटं बोललं तर काय होतं, बाळ?"

"पकडल्या जाते जी."

"आणि कुणी पकडलंच नाही तर?"

प्रतिक्षाने थोडा विचार केला. "तरी ते खोटंच रायते."

मॅडमनी मान हलवली आणि साक्ष सुरू झाली.

सरकारी वकिलांचे प्रश्न लवकर संपले. मग टेकचंदचे वकील उठले, भैय्यालाल वकील. माणूस मोहाडीचा, घरची वीस एकर धानाची शेती. पण अंगावर काळा कोट चढला की त्यांच्या तोंडात पुस्तकातली मराठी यायची. त्यांनी पोलिसांनी लिहिलेला जुना जबाब हातात धरला आणि एका दमात विचारलं,

"तू हा सगळा प्रकार धुरातून पाहिलास, असं पोलिसांना सांगितलंस, बरोबर?"

आपल्या शेतातल्या धुऱ्याबद्दलच विचारताहेत, असं प्रतिक्षाला वाटलं. 'वरून'ला कोर्टात 'तून' म्हणत असतील.

"हो जी."

"आणखी प्रश्न नाहीत," वकील म्हणाले आणि खाली बसले. सरकारी वकील पुढच्या खटल्याची फाईल शोधत होते. मॅडमनी मजकूर सांगितला, टंकलेखन करणाऱ्या रंजिताताईंची बोटं एक क्षण अडखळली, मग चालू लागली. यंत्रातून तीन कागद बाहेर आले.

"इथं सही कर," शिपाई म्हणाला.

"वाचू का आधी?"

"वाचून काय करतं? तूच त बोलली."

"ताईनं सांगितलं हाये. वाचल्याबिगर सही करू नको म्हने."

दीपमालाचं तसंच झालं होतं. दोन वर्षांपूर्वी ठाण्यातल्या हवालदाराने जबाब लिहिला, वाचून न दाखवता सह्या घेतल्या, दीपमालाची आणि नऊ वर्षांच्या प्रतिक्षाचीही. तेव्हा दोघी नुसत्या रडत होत्या.

प्रतिक्षा वाचू लागली. शाळेत धडा वाचतात तशी, अक्षराखाली बोट धरून. भैय्यालाल वकिलांनी घड्याळ पाहिलं. पहिला कागद झाला, दुसरा झाला. तिसऱ्यावर बोट थांबलं.

"म्याडम, हे चुकलं हाये."

"काय चुकलंय?"

"इथं धूर लिवला हाये. 'धुरातून पाहिला.' धूर कायचा? मी धुऱ्यावरून पायलं. धुऱ्यावर उभी होती मी, डबा घेऊन."

भैय्यालाल वकील ताडकन उठले. "माझी हरकत आहे. साक्षीदाराने आत्ता 'हो' म्हटलं आहे. पोलिसांच्या जबाबातही धूर आहे. धुरातून माणसाचा चेहरा ओळखू येत नाही, हे लक्षात आल्यावर आता शब्द फिरवला जातो आहे. तिला शिकवून आणलेलं दिसतं."

"मले कोणी नाही शिकवलं," प्रतिक्षा म्हणाली. तिने कठडा घट्ट धरला.

मॅडमनी चष्मा काढला. "धुरा म्हणजे काय?"

प्रतिक्षा गोंधळली. एवढ्या मोठ्या बाईंना धुरा माहीत नाही? तिने हातांनी दाखवलं. "हे अशी बांधी रायते, धानाचं वावर. तिच्या बाजूनं मातीचा उंच... धुरा. त्याच्यावरून आपन चालतो."

"वकीलसाहेब, तुम्ही इथलेच ना? असा शब्द आहे?"

भैय्यालाल वकिलांनी कोटाची बाही नीट केली. "माझ्या तरी ऐकिवात नाही, मॅडम."

प्रतिक्षा त्यांच्याकडे पाहतच राहिली. रंजिताताईंनी मान वर केली, पुन्हा खाली घातली.

"अन् धूर कोठून येइन जी?" प्रतिक्षा आता मॅडमकडे वळून बोलू लागली, भरभर. "धानाचा रोवना चालू होता. बांधीत गुडघ्याएवढं पानी, वरून पानी. पान्यात काय पेटवते कोनी? चूल त घरीच पेटत नव्हती सांजवेरी."

शिपायाला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. भैय्यालाल वकिलांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"पाऊस होता म्हणतेस!" ते तिच्यावर उसळले. "मंग एवढ्या पान्यात धुऱ्यावर उभं तरी रायता येते का व? पाय नाही घसरत? धुरा कसा चोपडा होते पान्यानं, मले नको सांगू!"

डोक्यावरचा पंखा तेवढा कुरकुरत होता. वकिलांना काय झालं ते सगळ्यांत शेवटी कळलं.

"वकीलसाहेब," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला धुऱ्याची बरीच माहिती आहे."

ते खाली बसले. पाणी प्यायले. मॅडमनी रंजिताताईंना नवा मजकूर सांगितला, "धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून. साक्षीदाराने मजकूर स्वतः वाचून दुरुस्ती सांगितली, हेही लिहा." या वेळी रंजिताताईंची बोटं अडखळली नाहीत. त्यांनी 'ऱ्या' असा जोरात ठोकला की टेबल हाललं.

प्रतिक्षा नवा कागद वाचायला घेणार, तेवढ्यात भैय्यालाल वकील पुन्हा उभे राहिले. इतकी वर्षं वकिली केलेला माणूस, एका धुऱ्यावरून घसरला म्हणून घरी जाणारा नव्हता.

"एकच प्रश्न, मॅडम. आता अंतराचं विचारतो." भाषा पुन्हा कोटाच्या बटणांसारखी नीट लागली होती. "त्या बांधापासून मोटारघराचं दार किती फुटांवर होतं?"

"फूट नाही मालूम जी."

"मीटर?"

"मोजलं नाही."

"म्हणजे पन्नास फूटही असेल, पाचशेही असेल." ते न्यायाधीशांकडे वळले. "साक्षीदाराला अंतर सांगता येत नाही, एवढं नोंदवून घ्यावं. इतक्या दुरून नऊ वर्षांच्या मुलीने कुणाचा चेहरा पाहिला, यावर न्यायालयानेच विचार करावा."

दीपमाला बाकाच्या कडेला सरकली. साक्ष चालू असताना तिला मधे बोलता येणार नव्हतं.

"फुटात नाही येत," प्रतिक्षा म्हणाली. "चालून दाखवू का?"

मॅडमनी क्षणभर वकिलांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "दाखव."

प्रतिक्षा स्टुलावरून उतरली. कठड्यातून बाहेर आली आणि न्यायाधीशांच्या उंच चौथऱ्याला पाठ लावून उभी राहिली. चपला तिने काढून ठेवल्या. शेतात ती अनवाणीच होती. मग तिने चालायला सुरुवात केली, ना हळू ना घाईत, प्रत्येक पाऊल मोजत. रंजिताताई झाल्या. दोन्ही वकील झाले. ताई बसली होती तो बाक आला, तिथे ती थांबली नाही. नऊ, दहा. रिकामे बाक ओलांडले. खोलीच्या शेवटी दाराजवळ आरोपीची जागा होती. तिथे टेकचंद पांढऱ्याशुभ्र शर्टात बसला होता, आणि जवळ येणाऱ्या पावलांकडे पाहत होता.

पंधराव्या पावलाला ती त्याच्यासमोर थांबली, आणि मान वर करून त्याच्या तोंडाकडे पाहत म्हणाली,

"इतक्यावरून."