दाबून ठेवलेला आवाज

बाळकृष्णराव जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि कौमुदीबाईंची पक्की खात्री होती की आपला नवरा मधल्या खोलीतल्या कॉम्प्युटरात अडकून पडला आहे. ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. शेजारच्या वसुंधरावहिनींना सांगितली असती तर त्यांनी आधी पेलाभर पाणी दिलं असतं आणि मग डॉक्टरांचा पत्ता. म्हणून बाई गप्प होत्या. पण बाळकृष्णरावांचा आवाज खरोखरच त्या यंत्रात होता, आणि तो तिथे ठेवला होता खुद्द त्यांनीच.

त्याचं असं झालं होतं. बाळकृष्णराव कोयलीच्या रिफायनरीत होते, शिफ्टची नोकरी. गणेशचतुर्थीला सकाळची शिफ्ट आली की पूजेला यजमानच घरात नसायचे. गुरुजी बोलवावेत, तर बडोद्यातले मराठी गुरुजी त्या दिवशी स्कूटरवरून गावभर हिंडत असत आणि आपल्या दारात उगवेपर्यंत मोदक गारढोण होत. बाजारात पूजेच्या कॅसेटी मिळत, पण त्यांचा बाळकृष्णरावांना भारी राग. "तो कॅसेटवाला थांबतच नाही," ते म्हणत. "आपण इकडे दूर्वा शोधतोय आणि तो तिकडे नैवेद्याला पोचलेला." शेवटी एका श्रावणात त्यांनी स्वतःच माइक लावला आणि अख्खी पूजा कॉम्प्युटरात रेकॉर्ड केली. घरच्यांना हात चालवायला वेळ मिळावा म्हणून प्रत्येक कृतीनंतर ते थांबले. "आचमन करा… झालं? बरं." "अक्षता वाहा… झालं? बरं." माणूस मोठा चिवट, थांबायचं तिथे पुरेपूर थांबलेला. पुढची दोन वर्षं यजमान कोयलीला आणि त्यांची पूजा घरात, त्यांच्याच आवाजावर, मुलाच्या हातून, अशी व्यवस्था सुरळीत चालली.

मुलगा ध्रुव, गोरव्याच्या एका इंजिनिअरिंग युनिटात ड्रॉइंगं काढायचा. वडील गेल्यावर त्यानं वरचं काम घरी आणायला सुरुवात केली आणि त्यासाठी कॉम्प्युटरात ड्रॉइंगचा एक अगडबंब प्रोग्राम चढवला. हार्डडिस्क एवढीशी, जागा पुरेना. तेव्हा पठ्ठ्यानं विंडोजमधली सोय वापरून सगळी डिस्कच कॉम्प्रेस केली, म्हणजे आतलं सगळं दाबून दाबून बसवलं. जागा झाली, पण आधीच रडतखडत चालणारं ते यंत्र आता पार मेटाकुटीला आलं. काहीही उघडायचं म्हटलं की आधी दाबलेलं उलगडा आणि मग दाखवा, अशी त्याला दुप्पट हमाली. ध्रुवला त्याचं काही वाटलं नाही. त्या वर्षी सुतक होतं, गणपती पाद्रा गावी धाकट्या दिरांकडे बसले होते, आणि बाबांची पूजा उघडून बघायचं त्याला कारणच पडलं नाही.

उघडली ती बाईंनी. ध्रुव कामावर गेला की दुपारी त्या मधल्या खोलीत जात. कॉम्प्युटरातलं त्यांना एवढं एकच येत होतं: चालू करायचा आणि पूजा लावायची. पहिल्यांदा लावली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आवाज नवऱ्याचाच, पण फुटका. दोन शब्द नीट आले की तिसऱ्यावर अडकायचा, आतून डिस्क खरखरायची, आणि मग एकदम धाप लागल्यासारखा पुढचा शब्द. शेवटच्या आजारपणात बाळकृष्णरावांचा श्वास अगदी असाच अडायचा. बाई उशाशी बसून पाठ चोळायच्या आणि पुढचा श्वास कधी येतो याची वाट पाहायच्या. आता तीच वाट त्या पडद्यासमोर बसून पाहू लागल्या.

आणि मग ते बोलणं सुरू झालं. एकदा आवाज अडकला असताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अहो, स्कूटर देऊन टाकू का? नुसती दारातल्या ओटल्यावर पडून आहे." आत कितीतरी वेळ खरखर झाली. जणू माणूस विचार करत होता. मग आवाज आला, "…बरं." दुसऱ्या दिवशी स्कूटर गेली. पुढे ध्रुवच्या लग्नाचं, गच्ची गळते तिचं, दिरांशी झालेल्या कुरबुरीचं, सगळं त्या विचारू लागल्या. तो अडायचा, खरखरायचा आणि काहीतरी म्हणायचा. कधी "बरं", कधी "थांबा", कधी "पुढे चला". जुळवून घ्यायचं म्हटलं की सगळं जुळतं. एकच होतं: पूजा संकल्पापर्यंत आली की कॉम्प्युटर साफ बंद पडायचा. नेमका तिथेच. त्यापुढे काय आहे ते बाईंना ठाऊक होतं आणि तेच त्यांना ऐकायचं होतं.

या वर्षी गणपती घरी यायचे होते. हरतालिकेच्या दिवशी ध्रुवनं रजा टाकली, तेव्हा बाईंनी मनाचा हिय्या केला.

"ध्रुव, बाबांचा आवाज मोकळा कर."

"मोकळा म्हणजे?"

"तू दाबून ठेवलायस ना? तूच म्हणाला होतास. तो काढ. उद्याच्या आत."

ध्रुवनं लावून बघितलं आणि दोन मिनिटांत त्याचा चेहरा उतरला. "हे मला सांगितलं का नाहीस ग?" सांगायचं काय होतं? तुझे बाबा माझ्याशी बोलतात, पण त्यांना धाप लागते?

"होईल," तो म्हणाला. "पण वार लागेल हां, आई, खूप वेळ. सांजपर्यंत पण चालेल. मधे लाइट गेली तर सगळंच गेलं समज. आणि जागा पायजे. दाबलेलं सुटलं की फुगतं ने."

त्यानं गेम पुसले, गाणी पुसली. कॉम्प्युटर म्हणाला, जागा कमी आहे. ध्रुवनं थोडा वेळ डोकं खाजवलं.

"एक करता येईल. पूजेतच खूप जागा खाल्लीय. बाबा जिथे थांबलेत ना, तिथे काहीच नाही, नुसतं शांत. ते गॅप कापून टाकतो. तसंही कॉम्प्रेसमधे तेच सगळ्यात जास्त चपटं झालंय. बोलणं फारसं दाबलं जात नाही, रिकामं असतं ते दाबलं जातं."

"रिकामं?" बाईंचा आवाज एकदम चढला. "ते आपल्यासाठी थांबलेत तिथे! त्याला रिकामं म्हणतोस? एक गॅप कापायचा नाही. सांगून ठेवते."

मग ध्रुवनं स्वतःचा ड्रॉइंगचा प्रोग्रामच पुसून टाकला. "जादा काम युनिटात बसून करीन," एवढंच म्हणाला. बाईंना त्या क्षणी पोराची फार माया आली, पण त्यांनी ती दाखवली नाही. अजून काम व्हायचं होतं.

पडद्यावर एक पांढरी पट्टी आली आणि डावीकडून निळी भरू लागली. भरू लागली म्हणजे काय, सरकते की नाही तेच कळेना. शेजारी वसुंधरावहिनींकडे हरतालिकेच्या पूजेला बायका जमल्या होत्या, बांगड्यांचे आवाज भिंतीपलीकडून येत होते. बाईंना बोलावणं होतं, पण त्या गेल्या नाहीत. खुर्ची ओढून त्या कॉम्प्युटरापाशी बसल्या. आतून खरखर सारखी चालू होती, मधेच थांबायची, आणि ती थांबली की बाईंचाही श्वास थांबायचा. एकदा ट्यूबलाइट मिचमिचली, पंखा मंदावला, पडद्यावरचं चित्र आकसलं. बाई ताडकन उठल्या आणि त्यांनी त्या गरम डब्यावर दोन्ही हात ठेवले. "आता नका जाऊ हो," त्या पुटपुटल्या. "इतकं होईपर्यंत थांबा." पंखा पुन्हा वेगात फिरू लागला. ध्रुवनं हे पाहिलं आणि तो उगीचच पाणी प्यायला आत गेला.

उन्हं उतरता उतरता पट्टी पूर्ण निळी झाली. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू झाला. ध्रुवनं फाइल उघडली.

"आचमन करा."

बाईंनी डोळे मिटले. एकही ओरखडा नाही, धाप नाही. शिफ्टला जायच्या आधी दाढी करून, ताजा चहा पिऊन बोलावं तसा स्वच्छ आवाज. "झालं? बरं." मधल्या शांततेत रस्त्यावरच्या भाजीवाल्याची आरोळीसुद्धा अस्पष्ट ऐकू आली. सगळं मोकळं झालं होतं. पूजा पुढे सरकत संकल्पापाशी आली आणि अडली नाही. बाळकृष्णरावांनी गोत्र सांगितलं, मग ठणठणीत स्वतःचं नाव घेतलं.

ध्रुव चपापला. "आई, नाव बाबांचं घेतलंय. उद्या बसायचं मला."

"गप्प बैस," बाई म्हणाल्या. पुढचं वाक्य यायचं होतं.

"कौमुदी, हाताला हात लाव."

संकल्प सोडताना बायकोनं नवऱ्याच्या हाताला हात लावायचा असतो. आपण त्या वेळी कोयलीला असणार हे विसरून बाळकृष्णराव रेकॉर्ड करताना सवयीनं बोलून गेले होते. दोन्ही वर्षं बाई स्वयंपाकघरातून हसत ओरडल्या होत्या, "लावला हो लावला!" संध्याकाळी ते घरी आले की त्यावरून थट्टाही झाली होती.

आता शांतता सुरू झाली. ती लांब होती. आपल्याला मोदक सोडून, हात धुऊन, पदर सावरून यायला किती वेळ लागतो हे बाळकृष्णरावांना बरोबर ठाऊक होतं. तेवढे ते थांबले होते. बाईंचा उजवा हात आपसूक वर उचलला गेला आणि तसाच राहिला. ठेवायला समोर काही नव्हतं.

"लावलास?" आवाजानं विचारलं.

दीड वर्षात त्यांनी नवऱ्याला एकही गोष्ट खोटी सांगितली नव्हती.

"नाही हो," बाई म्हणाल्या. "कुठे लावू?"

त्या थांबल्या. तो अडेल, खरखरेल, विचार करेल आणि मग काहीतरी सांगेल म्हणून जीव कानांत आणून थांबल्या.

"बरं," बाळकृष्णराव समाधानानं म्हणाले. "आता पळीभर पाणी सोडा."

आणि ते पुढे गेले. न अडता, धाप न लागता, एका लयीत. कलशपूजा, शंखपूजा, घंटापूजा. बाई ऐकत राहिल्या. दीड वर्ष त्या ज्याच्याशी बोलत होत्या, ती त्या बिचाऱ्या यंत्राची दमछाक होती.

ध्रुवनं घाबरून विचारलं, "आई, बंद करू?"

त्यांनी मान हलवून नको म्हटलं. उचललेला हात मांडीवर ठेवला, आणि नवरा गेल्यापासून आज पहिल्यांदाच, तो खरोखर गेल्यासारख्या, त्या मोठ्यानं रडल्या.