भोपळ्याशेजारचा फोटो

मी एक फोटो आहे. आधीच सांगून ठेवतो, मला फारसं काही वाटत नाही. कागदाला काय वाटायचं? ज्या समुद्रावर माझा जन्म झाला, त्याचं पाणीही मला कधी लागलं नाही.

तो समुद्र कोरियाचा. तिथल्या बायका पोटासाठी खोल पाण्यात बुडी मारून शिंपले काढतात. दमल्या की सुक्या भोपळ्यावर छाती टेकून तरंगतात. अशा सात जणी पांढऱ्या कपड्यांत, ओल्या केसांनी, भोपळे पुढ्यात ठेवून खडकावर उभ्या होत्या. कुणीतरी कळ दाबली आणि मी झालो.

मग जहाज, मुंबई आणि महादेवराव. हा जत्रांमधून तंबू लावून फोटो दाखवणारा माणूस. त्या साली त्याच्या तंबूत सगळे फोटो याच बायकांचे होते. जालन्याहून निजामाची हद्द ओलांडून त्याची बैलगाडी देऊळगाव राजाला बालाजीच्या जत्रेत आली. मी सगळ्यांत मोठा, म्हणून मला दाराशीच टांगलं.

लोकांनी मला पाहिलं आणि चपला काढल्या. पाण्याकाठी सात बाया म्हणजे सात आसराच. विहिरीत राहतात, माणसाला आत ओढून नेतात, त्या. माझ्यावर हळद-कुंकू पडलं, नारळाचं पाणी उडालं. महादेवरावाला खरं ठाऊक होतं. पण गर्दी जमत होती, म्हणून तो गप्प बसला. मीही गप्पच, माझा तर इलाजच नव्हता. ओल्या कुंकवानं बायकांचे चेहरे पुसत चालले, तरी मला काही वाटलं नाही.

एका दुपारी सत्यभामाबाई आली. सोबत नवरा उकंडराव आणि धाकटी लेक शालू. जवळच त्यांचा भाजीचा मळा. मोठी लेक मंजुळा उन्हाळ्यात मळ्यातल्या विहिरीवर पाणी काढताना आत पडली, ती गेलीच. आसरांनी नेली असं गाव म्हणालं, आणि घरानंही तेच धरून ठेवलं. बाईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते कधीच आटलं होतं. तिनं लहान मापाच्या हिरव्या बांगड्या माझ्यापुढे ठेवल्या.

"माही पोरगी तुमच्यापाशी हाये," ती म्हणाली. "तिले जपा. अन् हे धाकटी मले राहू द्या."

नमस्कार करून उठताना तिची नजर अडकली. "अहो, हा भोपळा हाये काय?"

"हाव," उकंडराव म्हणाला. "आपल्या पंजाबच्या पाठीले बांधला होता, तसाच."

पंजाब त्यांचा मुलगा. इथे पोरांना पोहायला शिकवताना पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत सोडतात. पोरींना नाही.

"देवीले भोपळा काऊन लागते?" तिनं विचारलं.

 ती महादेवरावाकडे वळली. त्यानं एकदा गर्दीकडे पाहिलं.

"बाई, ह्या आसरा नाहीत," तो म्हणाला. "लेकराबाळांच्या बाया आहेत. बुडी मारतात आणि वर येतात."

"वर येतात?"

"रोज येतात."

तिनं माझ्यातल्या एका भोपळ्यावर बोट ठेवलं. मग नवऱ्याला म्हणाली, "मंग मंजुळाच्या पाठीले काऊन नाही बांधला?"

"पोरीच्या जातीले..." एवढंच उकंडराव म्हणाला.

तिनं वाहिलेल्या बांगड्या उचलल्या. देवापुढचं परत घेऊ नये, अशी मागच्या बायांत कुजबुज झाली. तिनं त्या शालूच्या हातात भरल्या. "उद्या आढ्याले टांगलेला भोपळा खाली काढा," ती म्हणाली. "हिले तुम्हीच शिकवा."

गर्दी पांगली. महादेवरावानं जत्रा अर्धी टाकून तंबू उतरवला. मी आता दाखवायच्या कामाचा नाही, म्हणून मला तिच्या हवाली केलं.

तेव्हापासून मी मळ्यातल्या झोपडीत आहे. माझ्यातले चेहरे सगळे गेले, भोपळे तेवढे राहिलेत. कधी आलात तर मला कुंकू लावू नका, एवढंच मागणं. तुमच्या घरातला भोपळा कुठे टांगलाय, ते बघा.

माझ्या शेजारच्या खुंटीवरचा भोपळा सकाळी शालूबरोबर विहिरीवर जातो. उकंडराव सोबत असतो, तरी तेवढा वेळ सत्यभामाबाई चूल पेटवत नाही. दारात बसून राहते. मलाही तेव्हा काहीतरी होतं, काय ते सांगता येत नाही. मग ओला भोपळा खुंटीवर येतो, त्याचं पाणी माझ्या कडेवर ठिबकतं. मागून ओल्या केसांची शालू येते. बाई तिच्याकडे एकदा पाहते आणि भाकरी थापायला उठते.