रातू नसलेलं गाव

राजधानीहून, सुवाहून, शिक्षण खात्याची बाई यायची होती त्या सकाळी मेरेवाईला पुन्हा धाप लागली. फार नाही. पाठीवर हात ठेवला की मला कळतं, आत शिट्टी वाजते आहे की नाही ते. वाजत होती. दम्याचा पंप दिला, कोमट पाणी पाजलं, ती शाळेत गेल्यावर मी सभागृहात चटया अंथरायला गेले.

मेरेवाई सहा वर्षांची आहे. आमच्या बेटावरची शाळा आठवीपर्यंत आहे, पण मुलं कमी होत चालली आहेत. पाचवीपासूनचे वर्ग उचलायचे आणि मोठ्या बेटावरच्या वसतिगृहाच्या शाळेत न्यायचे असं खात्याच्या मनात आहे, हे हेडमास्तर जोलामेंनी आधीच कानावर घातलं होतं. मी लग्नाआधी सुवाच्या विद्यापीठात शिकले आणि त्याच्याही आधी अशाच एका वसतिगृहात राहिले. मला त्या खोल्या माहीत आहेत. दोन्ही भिंतींना पलंग, आणि देखरेखीच्या बाईंची खोली पार दुसऱ्या टोकाला. तिथे मेरेवाई झोपेत खोकली तर ऐकणार कोण, एवढाच माझा प्रश्न होता. बाकी शिक्षणाच्या विकासाला माझी काही हरकत नव्हती.

आलेल्या बाईचं नाव आसेनाथा. आमच्यातलीच, पण सुवात वाढलेली. चेहरा गोड, बोलणं भराभर. सगळ्या बेटांचा मिळून शिक्षणाचा पुढल्या वीस वर्षांचा आराखडा करायचाय, असं तिने सांगितलं. पण आज काय हवं ते विचारायचं नाही. आधी वीस वर्षांनंतरचं गाव डोळ्यांपुढे उभं करायचं, तेही एक नाही, चार वेगवेगळी. मग तिथून एकेक पाऊल मागे येत आजपर्यंत पोचायचं. त्यासाठी तिने चार भिंतींवर चार मोठी कापडं टांगली. एकात समुद्राने किनारा गिळलेला आणि अर्धं गाव वर टेकडीला सरकलेलं. दुसऱ्यात फक्त म्हातारीकोतारी उरलेली. तिसऱ्यात परदेशी गेलेली माणसं परत आलेली, आणि चौथ्यात सगळं आजच्यासारखंच. प्रत्येकाने चारही गावांतून फिरून यायचं आणि शंख-शिंपले ठेवून तिथे कोण राहतं ते दाखवायचं. प्रत्येक कापडापुढे त्यासाठी वाळूची परडी ठेवली होती.

फिरायचं म्हणजे उभं राहायचं, आणि सभागृहाच्या वरच्या अंगाला रातू एमोसी बसलेले. आमचे गावप्रमुख. ते बसलेले असताना त्यांच्या डोक्यापेक्षा उंच होऊन कुणी चालत नाही. त्यामुळे सगळं गाव कमरेत वाकून, कुणी गुडघ्यांवर रांगत, ‘तुलो, तुलो’ अशी माफी मागत एका भविष्यातून दुसऱ्यात जात होतं. नवऱ्याची आत्या केलेरा माझ्या पुढे होती. ती मागे वळून म्हणाली, “मेरेवाईच्या आई, वीस वर्षांनी कुणाचे गुडघे शिल्लक राहत नाहीत, एवढं तरी नक्की झालं बघ.”

दुपारपर्यंत चारही परड्या भरल्या. आसेनाथा बघायला गेली आणि गोंधळली. चारही ठिकाणी अगदी वर एक मोठी कवडी ठेवलेली होती. हे कोण, असं तिने विचारलं. रातू, असं सगळ्यांनी सांगितलं. मग शाळेचं काय करायचं ते या गावात कोण ठरवतं? रातू. बुडालेल्या गावातही? तिथेही रातूच. आणि रातूंनी सकाळी पाहुण्यांच्या स्वागताचा यांगोना पिताना सांगितलेलं होतंच, की ते स्वतः वसतिगृहात राहूनच माणसात आले. त्यामुळे चारही गावांनी वसतिगृहालाच होकार दिला होता. मीसुद्धा मान हलवली होती. सुनेने खालच्या अंगाला बसून दुसरं काय करायचं?

आसेनाथाने सरळ हिशोब केला. रातू आज अठ्ठ्याहत्तरचे आहेत, असं म्हणाली, आणि मग तिने चारही परड्यांमधल्या कवड्या उचलून कमरेला गुंडाळलेल्या सुलूच्या खिशात टाकल्या. आता सांगा, म्हणाली, कोण ठरवणार?

माणसं चटईच्या विणीकडे बघत होती. एखाद्याच्या तोंडावर त्याच्या मरणाचं बोलणं म्हणजे त्याच्या घरावर मरण टाकणंच, आणि इथे तर गावप्रमुखाला खिशात घातलेलं. रातू एमोसी शांतपणे समोर बघत राहिले. जोलामे मास्तर खाकरले, आणि चहाची वेळ झाली असं त्यांनी जाहीर केलं. चहाची वेळ झालेली नव्हती.

मला वाटलं, संपलं. ही बाई उद्याच्या बोटीने जाईल, आणि तिच्या कागदावर लिहिलेलं असेल: गावाचं एकमत, वसतिगृह.

पण जोलामेंनी तिला बाजूला घेऊन समजावलं. सुवातल्या पोरीला हे ठाऊक नव्हतं असं नाही; घाईत विसरली होती. संध्याकाळी ती यांगोनाची मुळी घेऊन रातूंच्या घरी माफी मागायला गेली. मी तिथे अळूची भाजी आणि कसावा वाढायला होते, म्हणून मला दिसलं. ती दारापासून रांगत आली, मुळी पुढे ठेवली, जोलामे तिच्या वतीने बोलले. रातूंनी मुळीला हात लावला, टाळी वाजवली, म्हणजे माफी झाली. मग म्हणाले, “माझ्या कवड्या कुठायत?” तिने खिशातून काढल्या. त्यांनी एक घेतली, बाकीच्या परत दिल्या. ती एक मात्र बराच वेळ हातात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सगळे जमल्यावर रातू आले आणि आपल्या जागेवर बसलेच नाहीत.

“काल या पोरीने प्रश्न बरोबर विचारला,” ते म्हणाले. “पद्धत चुकली, त्याची माफी झाली. प्रश्नाची माफी होत नाही. वीस वर्षांनी मी टेकडीवर असणार, माझ्या भावांच्या थडग्यांशेजारी. टेकडीवरची माणसं सभेला बसत नाहीत.” त्यांनी कवडी उंबऱ्यावर ठेवली, चटई काखेत मारली आणि बाहेर जाऊन नीरफणसाखाली पाठ करून बसले.

केलेरा आत्या त्यांची चुलत बहीण लागते, तिला बोलायची मुभा आहे. तिने दारातून विचारलं, “टेकडीवरच्यांना चहा लागतो का?”

“लागतो,” तिकडून आवाज आला. “साखर जास्त.”

हसू आलं सगळ्यांना, आणि हसता हसता माणसं उभी राहिली. सरळ उभी. त्या सभागृहात मी गावाला असं ताठ चालताना कधी पाहिलं नव्हतं. उंच माणसं डोकं तुळईला लागेल म्हणून चपापत होती.

तरी बोलायला कुणी तयार नव्हतं. मग आसेनाथाने सांगितलं की स्वतःचं मत राहू दे, वीस वर्षांनी मोठं झालेलं आपलं मूल होऊन बोला. मुलं काही बोलली तर आपल्याकडे फार मनावर घेत नाहीत, म्हणून की काय, पण मला ते सोपं वाटलं. मी उभी राहिले. आवाज लहान आला माझा.

“मी मेरेवाई,” मी म्हणाले. “सव्वीस वर्षांची आहे. दहाव्या वर्षी वसतिगृहात गेले. शाळा चांगली होती, मला चांगले मार्क पडले. पहिल्या महिन्यात मी उशीत तोंड घालून खोकायला शिकले, म्हणजे बाकीच्या मुली रागावत नाहीत. नंतर आईला फोनवर सांगायची, खोकला गेला. आता मी ऑकलंडला असते. माझ्या मुलाला आपल्या समुद्रातल्या खडकांची नावं येत नाहीत, कारण मलाच येत नाहीत. ती आपण बाराव्या-तेराव्या वर्षी शिकतो, तेव्हा मी इथे नव्हते. आई विचारते, कधी येणार. मी सांगते, बघू.”

मी खाली बसले. नवरा आपेनिसा पुरुषांच्या बाजूला होता, त्याने माझ्याकडे बघितलं नाही, पण चटईची वीण चाचपणारं त्याचं बोट थांबलं होतं.

बाहेरून रातूंचा आवाज आला. पाठ तशीच. “टेकडीवरून विचारतोय. मूल नाही पाठवायचं, तर एवढ्याशा वर्गाला शिकवणार कोण?”

मला नको काय ते माहीत होतं, तेवढंच. आसेनाथा म्हणाली की उत्तर शोधायचं तर आता मागे चालायचं. वीस वर्षांनी वरचे वर्ग इथेच हवेत, तर दहा वर्षांनी काय असायला हवं, पाच वर्षांनी काय, पुढल्या वर्षी काय. जोलामे म्हणाले, विज्ञान आणि गणिताचा एक मास्तर आपल्या तीन बेटांमध्ये वाटून घेतला तर खात्याला परवडेल. त्यावर आपेनिसा पहिल्यांदा बोलला. त्याची बोट आहे, मोठ्या बेटावर सामान नेतो-आणतो. “मुलं नेण्यापेक्षा मास्तर नेणं बरं,” तो म्हणाला. “मास्तर बोटीत रडत नाहीत.”

“मागचा मास्तर ओकला होता,” केलेरा आत्या म्हणाली.

मग खरं बोलणं सुरू झालं, आणि ते सगळं माझ्या बाजूचं नव्हतं. दोघा-तिघांनी उघड सांगितलं की त्यांना वसतिगृहच हवं, इथे मुलं मागे पडतात. जोलामेंनी त्यांचं म्हणणं खोडून काढलं नाही. आसेनाथाने फिरत्या मास्तरची कल्पना चारही कापडांपुढे नेऊन तपासायला लावली. तीन गावांत ती टिकली. समुद्राने किनारा गिळलेल्या गावात बोट लागायलाच जागा नव्हती. तिथे आम्ही बराच वेळ अडलो. शेवटी ठरलं की मास्तरला घर हवं, उंचावर, म्हणजे वादळात अडकला तर इथेच महिनाभर राहून शिकवेल. पुढल्या वर्षी काय करायचं, याचं उत्तर म्हणून आराखड्यात एकच ओळ लिहिली गेली: गावाने मास्तरचं घर बांधायचं.

संध्याकाळी रातूंना आत बोलवायला केलेरा आत्या गेली. ते आले, वरच्या अंगाला बसले, सगळे पुन्हा वाकले. कवडी मात्र त्यांनी उंबऱ्यावरच राहू दिली. शाळेच्या विषयात मी टेकडीवरच आहे, असं ते म्हणाले. दिलेला शब्द मागे घ्यायची पद्धत त्यांच्याकडे नाही.

काही महिन्यांनी आसेनाथाचा जोलामेंना फोन आला. फिरता मास्तर आमच्या तीन बेटांवर करून बघणार आहेत, वरचे वर्ग तोवर हलणार नाहीत. मुलं किती उरली ते पाहून पुन्हा विचार होईल. कधी, असं मी विचारलं. मेरेवाई चौथीत असेल त्या वर्षी. म्हणजे माझा घोर गेला नाही, पुढे सरकला. आपेनिसा म्हणतो, सरकला हे काय कमी आहे. मी रात्री तिच्या पाठीवर हात ठेवते तेव्हा मला ते कमीच वाटतं. पण सकाळी मास्तरच्या घराचे खांब दिसतात.

खांब पुरायचा दिवस होता तेव्हा सगळं गाव वर जमलं होतं. रातू काठी टेकत आले, जागा बघितली आणि म्हणाले की दार समुद्राकडे नको, डोंगराकडे करा, नाहीतर मास्तर आपला दिवसभर बोटीकडे बघत बसेल. पुरुष कुदळी थांबवून एकमेकांकडे बघायला लागले. नाही कोण म्हणणार?

मेरेवाई माझं बोट धरून उभी होती. तिने रातूंना, आजोबांना विचारावं तसं, अगदी साधेपणाने विचारलं, “तुतू, शाळेच्या विषयात तुम्ही मेलात ना?”

मी तिचा हात दाबला, पण शब्द सुटून गेले होते. रातूंनी तिच्याकडे बघितलं, मग समुद्राकडे.

“मेलोय,” ते म्हणाले. वळले, थोडं खाली जाऊन एका दगडावर आमच्याकडे पाठ करून बसले.

दार समुद्राकडे झालं. दुपारी मी त्यांना चहा नेऊन दिला, साखर जास्त घालून.