खाजामियाँचा हात

खाजामियाँनी हात वर केला, तसं बंबाचं इंजिन बंद झालं, जेसीबी थांबला, बघ्यांची कुजबुजही विरली. लातुरातल्या शिकवण्यांच्या भागात शेजारच्या खोदकामानं एका वसतिगृहाची मागची बाजू खाली बसली होती. पोरं क्लासला गेलेली, सगळी सुखरूप, असं मॅनेजर पुन्हा पुन्हा सांगत होता. तरी ढिगाऱ्यात कुणी आहे का, हे खाजामियाँच्या कानानंच ठरायचं होतं.

या कानाचा अग्निशमन दलात मोठा दबदबा. किल्लारीच्या भूकंपात दगडमातीखाली रडणारं लेकरू त्यांनीच ऐकलं आणि जिवंत बाहेर काढलं. तेव्हापासून रिवाजच पडला. हात वर असेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही आणि हात खाली आला की त्यांचा शब्द शेवटचा. एक नवा जवान एकदा मध्येच बोलला, तर त्याला महिनाभर पाइप धुवायला लावले होते. असं शिस्तीचं दल दुसरीकडे नाही, याची खाजामियाँना कोण घमेंड! अलीकडे घरी गौसियाला एकेक गोष्ट दोनदा सांगावी लागायची. बायकोचा आवाज बसलाय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

त्यांनी कान दिला. काही नव्हतं. हात खाली आला.

“कुणी न्हाई. चालू करा.”

संध्याकाळी माती उपसताना स्वयंपाकीण सिंधुबाई सापडल्या. मॅनेजरला पोरं आठवली होती, त्या नव्हत्या आठवल्या. हातात उलथनं, शेजारी चेपलेलं पातेलं. अंग अजून कोमट होतं.

परतल्यावर बसवंतनं चहाला हात लावला नाही. दलात खाजामियाँच्या खालोखाल तोच जुना. त्यांनी त्याला बाजूला घेतलं.

“तुला काही ऐकू आलं व्हतं?”

“हाव. भांडं वाजल्यावानी.”

“मग बोलला का न्हाईस?”

“तुमचा हात वर व्हता, चाचा. खाली आला तवा तुमी न्हाई म्हणलात. मला वाटलं, मलाच भास झाला.”

खाजामियाँना त्याच्यावर ओरडायचं होतं, पण चूक त्याची नव्हती. बसवंतचा त्याच्या स्वतःच्या कानावरचा विश्वास त्यांनीच काढून घेतला होता. त्याच संध्याकाळी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांनी आपल्या बहिरेपणाचं सांगून टाकलं.

पुढच्या सरावाला ते रांगेत सगळ्यांत मागे उभे राहिले. ज्याला ऐकू येईल त्यानं तिथंच बोलायचं, कुणाचाही हात वर असो, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. आवारात कुठंतरी एकाला वाजवायला पातेलं देऊन लपवलं होतं. बसवंतनं हात वर केला.

सगळं चिडीचूप झालं. खाजामियाँ जिवाचा कान करून उभे राहिले. मग पुढच्या एका जवानाचे ओठ हलले आणि सगळ्यांच्या माना पाण्याच्या टाकीकडे वळल्या.

त्यांचं बघून खाजामियाँनीही मान वळवली.