थोडक्यात टळले

माझी लेक तीन वर्षं रस्त्यात उभी राहायची. नोकरीच होती तशी. आमची वस्ती रस्त्याच्या अलीकडे, शाळा पलीकडे आणि मधून खडीचे ट्रक. एका आईचं पोर गेलं, तेव्हा कुठे विकास प्रकल्पवाल्यांना जाग आली. शिकूनसवरून घरी बसलेल्या चार जणांना त्यांनी कामाला लावलं. माझ्या लेकीला पिवळं जाकीट, शिट्टी आणि एक वही मिळाली. पोरं तिला शिट्टीताई म्हणायला लागली.

खोटं कशाला बोलू, काम चांगलं होतं. ज्या आया पोरींना घरी ठेवायच्या, त्यांनीही दप्तरं आणली. माझं इस्त्रीचं टेबल चौकातच. ती हात वर करायची आणि दहा चाकांचा ट्रक शेपूट घालून थांबायचा. मला कोण अभिमान!

घोळ झाला तो वहीत. रोज दोन रकाने भरायचे: 'अपघात' आणि 'थोडक्यात टळले'. पहिल्याच आठवड्यात एक पोरगं चाकाखाली जाता जाता वाचलं. लेक ते लिहायला बसली, तर मीच म्हटलं, "वेडी की काय? उद्या म्हणतील, हिचं लक्ष नव्हतं. शून्य घाल." तिने घातलं. मग रोजच घातलं. आम्ही जन्मभर साहेबलोकांपुढे चुका झाकत आलेली माणसं. अपघात टळला ही चूक नाही, तेच तर हिचं काम, हे आम्हाला कोण सांगणार?

परवा प्रकल्पाचे साहेब आले. वही चाळून खूश झाले. "तीन वर्षांत एकदाही धोका नाही! म्हणजे रस्ता सुरक्षित झाला. आता इथे माणसं ठेवायची गरज नाही." सकाळी शाळेच्या वेळेला कधी चौकात पाऊल नाही आणि उंटावरून शेळ्या हाकतोय. गरज सरो, वैद्य मरो.

लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. "साहेब, ती शून्यं खोटी आहेत. महिन्यातून चार-पाच वेळा तरी मी पोरं ओढून काढलीत."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे तीन वर्षं तू खोटी माहिती भरलीस? मग तुला अनुभवाचा दाखला देता येणार नाही. गोदामातल्या नोकरीसाठी तुझं नाव पाठवलंय, तेही मागे घ्यावं लागेल. नीट विचार करून सांग. वही खरी आहे ना?"

इकडे आड, तिकडे विहीर. लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, आई तरी कबूल करेल की हे मी लिहायला लावलं. पण गोदामातली नोकरी कायमची होती. मी म्हटलं, "खरीच आहे साहेब. पोरगी उगाच घाबरलीय." तिने सही केली. घरी आल्यावर माझ्याकडे पाठ करून बसली.

आज सकाळी गोदामाची बस चौकातच थांबली. लेक चढली. पोरं रस्त्याच्या कडेला रांग लावून उभी होती. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. एक चिमुरडी ओरडली, "शिट्टीताई, आम्हाला पलीकडे न्यायचं राहिलं ना!" आणि बसकडे धावत सुटली.

मी इस्त्री तशीच टाकून पळाले. रस्त्यात हात वर केला. ट्रकवाल्याने हॉर्न दिला, पण थांबला नाही. साडी नेसलेल्या इस्त्रीवालीसाठी कोण थांबतो? मी पोरीला दप्तराला धरून मागे खेचलं. दोघी खडीवर आपटलो. तिचा गुडघा फुटला आणि तिने भोकाड पसरलं.

बसच्या काचेवर लेक दोन्ही हातांनी थापा मारत होती. गाडी थांबवा म्हणत असणार. मी पडल्या पडल्याच तिला हात केला, जा तू. कामाचा पहिला दिवस होता तिचा.