मनालीच्या एका वर्षाचा फॉर्म

बाबांच्या कारखान्यात साधा व्हॉल्व्ह बदलायचा असला तरी आधी फॉर्म भरावा लागतो. काय बदलणार, का बदलणार, धोका काय, आणि बिघडलं तर पूर्वस्थितीला कसं येणार. बाबा ओमानमधल्या सोहारच्या एका अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात देखभाल विभागात एकोणीस वर्षं आहेत, त्यामुळे माझ्या धाकट्या बहिणीचा प्रश्नही त्यांनी याच फॉर्मवर घेतला.

मनालीची बारावी झाली होती. पुण्यात कम्प्युटर इंजिनिअरिंगची जागा ठरल्यात जमा होती. पण तिला अमेरिकेतल्या एका निवासी शाळेचंही पत्र आलं होतं: कॉलेजच्या आधी एक वर्ष तिथे राहायचं, हवे ते विषय शिकायचे, मग तिकडच्या कॉलेजांना अर्ज करायचे. खर्च शाळा करणार. मनालीला भूविज्ञान हवं होतं आणि ते आमच्या इंडियन स्कूलमध्ये नव्हतं. उत्तर रविवारपर्यंत कळवायचं होतं.

"दगड बघायला अमेरिकेत?" बाबा म्हणाले. "इथे काय दगड कमी आहेत?"

वस्तुस्थिती त्यांच्या बाजूने होती. सोहारहून अर्धा तास आत गेलं की दगडांशिवाय काही नाही. पण ते दगड एके काळी समुद्राचा तळ होते हे कळल्यापासून मनाली सहलीला निघताना डब्याआधी हातोडी भरते.

आईचं म्हणणं, बारावीनंतर पुन्हा शाळा म्हटलं की चिपळूणला सगळे नातेवाईक समजणार पोरगी नापास झाली. ते धोक्याच्या रकान्यात गेलं. माझी रसायनशास्त्रात एमएस्सी झालेली, म्हणून लिहिणारी मी. शक्यता 'जवळजवळ निश्चित', परिणाम 'किरकोळ' अशी मी नोंद केली. आईने 'किरकोळ' खोडायला लावलं.

नियमाप्रमाणे एक सही विभागाबाहेरच्या माणसाची लागते. शुक्रवारी बाबांनी मजीदला बोलावलं. मजीद सुरक्षा विभागातला, बाबांचा जुना ओमानी सहकारी. तो खजूर घेऊन आला, आईचे चार घावणे खाल्ले, चष्मा लावला आणि फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचू लागला. पूर्वस्थितीच्या रकान्यापाशी थांबला. तिथे बाबांनी स्वतः लिहिलं होतं: 'मनाली परत घरी येईल.'

मजीदने हिंदीत सांगितलं की हे चालणार नाही. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिली तर तिचं रेसिडन्स कार्ड रद्द होऊ शकतं. शिवाय बाबांचं कंत्राट पुढच्या जूनपर्यंतच, त्यानंतर घर इथे असेलच असं नाही. आणि परतीचा मार्ग नसेल तर बदल नामंजूर, हे तर बाबाच सगळ्यांना ऐकवत असतात.

बाबांनी पेनला टोपण लावलं. मला वाटतं, जरा जास्तच घाईने लावलं.

"मग पुण्याचा पण फॉर्म भरा," मनाली म्हणाली. तिचं मराठी अडखळतं, पण हे वाक्य तिने तयार करून ठेवलं असावं.

"पुण्याचा कशाला? ते ठरलेलंच आहे."

"तिकडे पण सहा महिन्यांपेक्षा जास्तच ना, बाबा. चार वर्षं."

मी दुसरा कोरा फॉर्म पुढे केला. बाबांनी थेट पूर्वस्थितीच्या रकान्यात पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं. आई चहा टाकायला आत गेली. मनाली घरी राहील, ही नोंद दोन्हींपैकी कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नव्हती.

"जायचंय तुला?" त्यांनी विचारलं. फॉर्ममध्ये हा प्रश्न नव्हता.

"हो."

बाबांनी पहिला फॉर्म पुन्हा ओढला. वरच्या कोपऱ्यात 'कायमस्वरूपी बदल' आणि 'तात्पुरता बदल' अशा दोन चौकटी असतात. कायमस्वरूपीवरची खूण खोडून त्यांनी तात्पुरत्यावर केली. मुदत, एक वर्ष. तात्पुरत्या बदलाला पूर्वस्थितीच्या रकान्यात नुसती तारीख पुरते.

मजीदने सही करण्याआधी आठवण करून दिली की बाबांच्या विभागात तेरा वर्षांपूर्वी बसवलेला एक तात्पुरता पाइप अजून तिथेच आहे.

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "मीच बसवलाय."

आणि सही करून त्यांनी फॉर्म मजीदकडे सरकवला.