नकारघंटेचे चार दात

विमा कंपनीच्या दावे विभागात त्याला समोरासमोर सगळे ‘सर’ म्हणत आणि पाठीमागे ‘नकारघंटा’. एकवीस वर्षांत त्याने इतके दावे फेटाळले होते, की त्याच्या टेबलावरून एखादा मंजूर होऊन आला तर लोक तो कागद एकमेकांना दाखवायला नेत. टोपणनाव त्याच्या कानावर आलं होतं. मनातून त्याला ते आवडायचंही.

एका सकाळी सफरचंदाचा चावा घेताना त्याचे खालचे पुढचे चार दात हलले. दुखलं नाही, नुसते डुगडुगले. आठवडाभर सगळं सुरीने बारीक कापून खात राहिला. शेवटी बायकोच म्हणाली, “अहो, घास चावताय की त्याची समजूत काढताय?”

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन अवजारांच्या मुठींमध्ये एकेक दात धरून हलवून पाहिला, मग एक्स-रे उजेडासमोर धरला.

“हिरड्यांच्या आजाराने खालचं हाड झिजलंय. खोलवर सफाई करू. पण दात असे हलत राहिले तर हिरड्यांना सावरायला वावच मिळणार नाही. म्हणून हे चार दात शेजारच्या दोन सुळ्यांना आतल्या बाजूने बारीक तारेने बांधते. वरून दाताच्या रंगाचा लेप. सहा महिन्यांनी घट्ट झाले, की तार काढू.”

“म्हणजे तात्पुरतं,” तो म्हणाला.

“हो, तात्पुरतंच.”

‘तात्पुरत्या स्वरूपाचे उपचार विम्यात बसत नाहीत’ हे वाक्य त्याने स्वतः इतक्या पत्रांत घातलं होतं, की झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं.

“आणि काढूनच टाकले तर?”

“तर विमा सगळा खर्च देतो. दात उपटायला देतो, वाचवायला देत नाही.” बाईंनी हातमोजे काढले. “असले नियम कोण करतं, त्याला एकदा माझ्या या खुर्चीत बसवायला हवं.”

तो खुर्चीतच होता. त्याने तोंड धुतलं आणि दात बांधून घेतले.

बांधणीचा दावा त्याने नियमाप्रमाणे भरला. आपल्या माणसाचा कागद आहे, कोणीतरी डोळेझाक करील, असं त्याला वाटलं होतं. तो कागद गेला ज्या मुलीला त्याने चार वर्षांपूर्वी हाताखाली घेऊन काम शिकवलं होतं, तिच्याकडे. चौथ्या दिवशी नकाराचं पत्र आलं. शब्दन् शब्द त्याचाच.

तो तिच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. “नाव वाचलं नाहीस का?”

“वाचलं ना, सर. म्हणूनच तुमच्या मजकुरात एक काना-मात्रा बदलली नाही.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार काय? घरी बायकोने पत्र दोनदा वाचलं. “छान लिहिलंय,” ती म्हणाली. “एवढं वाचून माणूस पुन्हा तोंड उघडणार नाही.”

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरीणबाईंकडे गेला आणि आपण कुठे काम करतो ते पहिल्यांदाच सांगितलं. बाईंनी हातातलं अवजार खाली ठेवलं.

“मी खोटं लिहून देणार नाही.”

“खोटं नकोच. कुठला दात किती हलत होता त्याचं माप लिहा. एक्स-रे आणि फोटो जोडा. हिरड्यांचा उपचार कंपनीने आधीच मंजूर केलाय. बांधणी केली नसती तर तो वाया गेला असता, म्हणून ती त्याच उपचाराचा भाग आहे, एवढं स्पष्ट लिहा. मग नाही म्हणायला जागा उरत नाही.”

“हे खरंच आहे,” बाई म्हणाल्या. “मग माझ्या पेशंटांना आजवर कोणी सांगितलं कसं नाही?”

“त्यांनी विचारलं नाही.”

बाईंनी पत्र लिहून दिलं, पण त्या दिवशी त्याला दारापर्यंत सोडायला आल्या नाहीत.

अपील समितीने तीन आठवड्यांत दावा मंजूर केला. विभागात पेढ्यांसारखी बातमी वाटली गेली. तीन महिने तो खुशीत होता. दात स्थिर होते, हिरड्यांतून रक्त येणं थांबलं होतं. मग वरच्या साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. त्याच वाटेने आणखी अकरा अपिलं आली होती. सगळ्यांना त्याच डॉक्टरीणबाईंची पत्रं जोडलेली. बाई आता सांगत सुटल्या होत्या.

“नियमात भोक आहे,” साहेब म्हणाले. “तुमच्याइतकं ते कोणाला ठाऊक असणार? बुजवा.”

क्षणभर त्याची जीभ दातांमागच्या तारेवरून फिरली. “बुजवतो,” तो म्हणाला.

एका दुपारी त्याने नवं कलम तयार केलं: हलते दात बांधणे, मग ते दुसऱ्या कुठल्याही उपचाराचा भाग असो वा नसो, विम्यात बसत नाही. वाक्य असं घट्ट, की सुई शिरायला फट नाही. टाइप करायला त्याने त्या मुलीलाच बोलावलं.

तिने सगळं उतरवून घेतलं आणि बोटं थांबवली. “सर, तुमची तार निघायची आहे ना अजून? मध्येच तुटली तर पुन्हा बांधावी लागेल.”

“दोन महिने आहेत.”

“मग कलम कधीपासून लागू?”

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली, एक, दोन, आणि थोडा विचार करून तिसरंही. “ही तारीख टाक,” तो म्हणाला.

तिने ती तारीख टाकली.